जमीन लेकीच्या नावावर, कारभार कुणाचा?

वसई किल्ल्यातल्या पडक्या फ्रान्सिस्कन चर्चमध्ये घराण्यांची चिन्हं कोरलेल्या थडग्यांच्या शिळा आहेत. प्रीवेडिंगवाले त्यांच्यावरूनच चालतात. त्या बड्या घराण्यांतल्या मुलींचं पुढे काय व्हायचं, हे कुणी विचारत नाही. म्हणून हे लिहितोय.

१५३४ ते १७३९ वसई पोर्तुगीजांकडे होती. आसपासची गावं राजाने सरदारांना साधारण तीन पिढ्यांच्या कराराने दिली. काही गावं थेट मुलींच्या नावावर, लग्नातलं आंदण म्हणून. नाव तिचं, कारभार नवऱ्याचा. राजाला इथे टिकून लढणारे जावई हवे होते, बस्स.

आणि लग्नच करायचं नसेल तर? १६०६ साली आर्चबिशप मेनेझिस यांनी जुन्या गोव्यात सांता मोनिका हा बायकांचा मठ काढला. पहिली मठप्रमुख फिलिपा फेरेरा, एक विधवा. लेकीला घेऊनच ती मठात गेली.

मग गोव्याच्या नगरसभेने थेट राजाकडे रड लावली: श्रीमंत विधवा आणि वारसदार मुली मठात जातात, हुंड्याचा पैसा तिथेच अडकतो, आमच्या शिपायांना बायका मिळत नाहीत! शेवटी मठातल्या बायकांच्या संख्येवर शंभराची मर्यादा आली.

जर्मनीत क्वेडलिनबर्गच्या मठप्रमुख बाईला साम्राज्याच्या सभेत मत होतं. १७५६ मध्ये प्रशियाच्या राजाची बहीण अ‍ॅना अमालिया त्या गादीवर बसली. गोव्यात एवढी सत्ता नव्हती. तरी मठाचा पैसा, जमीन, प्रमुखाची निवड हे बायकाच बघायच्या. खरी पोटदुखी तिथेच होती.

उगाच गोडवे नकोत. हे स्वातंत्र्य पोर्तुगीज रक्ताच्या, हुंडा आणणाऱ्यांसाठी होतं. आपल्या मातीतल्या बायका तिथे बहुतेक चाकरीला, काही तर गुलाम.

पण आज काय वेगळं आहे सांगा? १९२५ चा वारसा कायदा ख्रिस्ती मुलीला भावाइतका वाटा देतो. हिंदू मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत २००५ पासून समान हक्क आहे. तरी वसई-विरारमध्ये बिल्डर दारात आला की बहिणीची आठवण येते ती हक्कसोडपत्रावर सही घ्यायला. वाटा मागितला, तर माहेर तुटतं.

तेव्हा बायांनो, भावाचा मान ठेवा, पण कागद आधी वाचा. सही नंतर.