आगगाडी पाहून खरेच कोणी पळाले होते का?

सिनेमाच्या इतिहासातील एक गोष्ट आपण सर्वांनी केव्हा ना केव्हा ऐकलेली असते. पॅरिसमध्ये ल्युमिए बंधूंनी पहिल्यांदा हलती चित्रे दाखवली, पडद्यावर आगगाडी स्थानकात शिरू लागली, आणि ती आता अंगावर येणार या भीतीने प्रेक्षक खुर्च्या उलथवत दाराकडे धावले. पदवीच्या पहिल्या वर्षी मीही ही गोष्ट उत्तरपत्रिकेत लिहिली होती आणि तिला पुरेपूर गुण मिळाले होते. आजचा धागा म्हणजे त्या उत्तराची उशिरा केलेली दुरुस्ती समजा.

२८ डिसेंबर १८९५ रोजी ग्राँ कॅफेच्या तळघरातील दालनात पैसे मोजून आलेले प्रेक्षक होते अवघे ३३. त्या दिवशी दहा छोट्या फिती दाखवल्या गेल्या आणि त्यांत आगगाडीची फीत नव्हतीच. ती लोकांपुढे आली पुढच्या वर्षी, जानेवारीत. तिच्यामुळे धावपळ माजली, असे सांगणारी त्या काळची विश्वासार्ह नोंद मिळत नाही. जर्मन अभ्यासक मार्टिन लॉइपरडिंगर यांनी उपलब्ध पुरावा तपासून ही सिनेमाची जन्मकथा नसून जन्माची दंतकथा आहे, असा निष्कर्ष काढला.

मग पळणारा प्रेक्षक आला कोठून? गंमत अशी की तो आधी पडद्यावरच सापडतो. १९०१ मध्ये रॉबर्ट पॉल या इंग्रज चित्रकर्त्याने एक विनोदी फीत काढली. तिच्यात एक खेडवळ माणूस सिनेमा पाहायला येतो, पडद्यावरील नर्तकीसोबत नाचू लागतो आणि आगगाडी दिसताच घाबरून पळतो. पुढच्याच वर्षी अमेरिकेत एडविन पोर्टरने तीच कल्पना उचलून स्वतःचा ‘अंकल जॉश’ पडद्यावर आणला. या फिती पाहून हसणारे शहरी प्रेक्षक जणू स्वतःलाच सांगत होते की तो भोळा माणूस म्हणजे आपण नव्हे.

माझ्या मते खरा प्रश्न येथे सुरू होतो. राजांची दफ्तरे मिळतात, कंपन्यांचे हिशेब मिळतात, दिग्दर्शकांच्या मुलाखतीही मिळतात. पण तिकीट काढून आत गेलेल्या, बाहेर येऊन घरच्या वाटेवर ‘बरा होता’ किंवा ‘पैसे वाया गेले’ म्हणालेल्या माणसाचे मत कोठे मिळते? बहुतेक वेळा ते त्याच्या तोंडचे नसतेच. त्याच्या वतीने दुसराच कोणी बोलून गेलेला असतो.

म्हणूनच १८९६ च्या जुलै महिन्यातील एक लेख मला फार मोलाचा वाटतो. रशियात निझ्नी नोव्हगोरोद येथे भरलेल्या प्रदर्शनात एका तरुण पत्रकाराने ल्युमिएंचा खेळ पाहिला आणि स्थानिक वृत्तपत्रात टोपणनावाने आपले मत लिहिले. हा पत्रकार म्हणजे पुढे जगप्रसिद्ध झालेला मॅक्झिम गॉर्की. त्याला ते जग सावल्यांचे वाटले. सारे राखाडी, ना रंग ना आवाज. माणसे हसतात, पण हसू ऐकू येत नाही. आगगाडीविषयी तो जे लिहितो ते जपून वाचण्यासारखे आहे. ती थेट आपल्यावर येते, आता आपल्या चिंधड्या उडवणार असे वाटते, असे तो म्हणतो. आणि लगेच पुढे जोडतो की हीसुद्धा सावल्यांचीच गाडी. छातीत धडकी भरलेली आहे, आणि खोटेपणाचे भानही शाबूत आहे. दोन्ही एकाच माणसात, एकाच क्षणी. अमेरिकन अभ्यासक टॉम गनिंग यांनी सुरुवातीच्या प्रेक्षकांविषयी हेच म्हटले आहे. ते लोक फसले नव्हते. हे सगळे भासमान आहे हे ठाऊक असूनही ते आपल्यावर इतका परिणाम करते, याचेच त्यांना नवल वाटत होते.

त्याच जुलैच्या ७ तारखेला हा खेळ मुंबईत काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात झाला. दर एक रुपया. पुढे तो नॉव्हेल्टी नाट्यगृहात गेला तेव्हा चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंतची तिकिटे निघाली आणि पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळी बैठक राखण्यात आली. जाहिरातींमधून एवढे कळते. कोण कोठे बसू शकत होते ते समजते, पण चार आण्यांवाल्याला काय वाटले ते जाहिरात कशाला सांगेल? तरी एका प्रेक्षकाचे मत आपल्याला त्याच्या कृतीतून वाचता येते. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावे दादा, हे खेळ पाहून इतके भारावले की त्यांनी लंडनहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधील कुस्ती चित्रित केली. कॅमेऱ्याची मागणी हाही एक अभिप्रायच की!

आता आपल्या इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध प्रेक्षकाकडे येऊ. १९१०-११ च्या सुमारास धुंडिराज गोविंद फाळके यांनी मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला. त्याविषयी त्यांनी पुढे ‘नवयुग’ मासिकात स्वतः लिहिले. डोळ्यांसमोर ख्रिस्त सरकत होता आणि मनात मात्र कृष्ण, रामचंद्र, गोकुळ आणि अयोध्या उभी राहत होती. राहवेना, म्हणून लगेच दुसरे तिकीट काढून तोच चित्रपट पुन्हा पाहिला. ही हकीकत आपण पुष्कळदा ‘स्फूर्तीचा क्षण’ म्हणून सांगतो आणि पुढे सरकतो. पण त्या दिवशी खुर्चीवर कोण बसले होते ते पाहा. जे. जे. कलाशाळेत शिकलेला, बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रण आत्मसात केलेला, छापखाना चालवलेला आणि ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने जादूचे प्रयोग करणारा माणूस! नजरबंदी हाच ज्याचा जोडधंदा, त्याला पडद्यावरची नजरबंदी कळली नसेल? कळली होती, आणि तरीही तो हलला. गॉर्कीसारखाच.

येथे एक सावधगिरी मात्र बाळगायला हवी. फाळक्यांनी हे लिहिले ते काही वर्षांनी, यशस्वी झाल्यानंतर. यशस्वी माणसाची आठवण नकळत घटनांना नीट ओळीत बसवते. आणि दुसऱ्या खेपेस सरस्वतीबाई सोबत होत्या असे चरित्रकार सांगतात. पुढे ज्यांनी फितीला छिद्रे पाडली, रसायने हाताळली आणि अख्ख्या मंडळींचा स्वयंपाक रांधला, त्या सरस्वतीबाईंना त्या दिवशी चित्रपट कसा वाटला? अंधार, अनोळखी माणसे, परक्या देवाची कथा. ‘नवयुग’मधील मत त्यांच्या यजमानांचे आहे.

३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. चार वर्षांनी आलेल्या ‘लंकादहन’ची हकीकत आपल्या विषयाला अधिक जवळची. पडद्यावर राम अवतरताच प्रेक्षक साष्टांग नमस्कार घालत, अशी आठवण पुढे स्वतः निर्माते झालेल्या जे. बी. एच. वाडिया यांनी सांगितली आहे. अनेक पुस्तकांत ही आठवण येते, आणि तिच्यामागून हलकेच एक निष्कर्षही येतो: बिचाऱ्यांना चित्र आणि देव यांतला फरक कळत नव्हता. म्हणजे पॅरिसचा पळणारा माणूस, फक्त धोतर नेसलेला.

मला हे मुळीच पटत नाही. कोकणातील दशावतारात आरंभी गणपती येतो, त्याची पूजा होते, लोक हात जोडतात. मुखवट्यामागचा माणूस आपल्याच किंवा शेजारच्या गावचा आहे, हे रांगेतील लहान पोरालाही ठाऊक असते. काशीजवळच्या रामनगरच्या रामलीलेत राम झालेल्या मुलाची आरती होते, आणि तो कोणाचा मुलगा हे आरती करणाऱ्यांना माहीत असते. नमस्कार सोंगाला असतो आणि सोंगातून पलीकडच्याला असतो. ही शिकवण आपल्या लोकांना सिनेमाच्या कितीतरी आधी मिळाली होती. त्यातून ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका एकाच पुरुषाने, ग्रँट रोडवरच्या उपाहारगृहातून फाळक्यांनी आणलेल्या अण्णा साळुंके यांनी केल्या होत्या. त्याच १९१७ च्या सुमारास फाळक्यांनी चित्रपट कसे तयार होतात हे दाखवणारी एक फीतही काढली. आपल्या प्रेक्षकांना जादूची पेटी आतून पाहायला आवडेल, अशी त्या जादूगाराची खात्री होती. पुस्तक लिहिणाऱ्यांपेक्षा त्याचा आपल्या गिऱ्हाइकावर अधिक विश्वास असावा.

सरकारचा तेवढा विश्वास नव्हता. १९२७ मध्ये ब्रिटिश सरकारने मद्रासचे वकील टी. रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखाली चित्रपट चौकशी समिती नेमली. एक चिंता अशी होती की पाश्चात्त्य चित्रपटांतील गोऱ्या स्त्रीपुरुषांचे चाळे पाहून ‘अशिक्षित’ हिंदी प्रेक्षकाच्या मनातील साहेबाचा दरारा उतरेल. दुसरी चिंता अमेरिकन चित्रपटांनी बाजार गिळल्याची होती. समितीने ४,३२५ प्रश्नपत्रिका पाठवल्या, ३२० लेखी उत्तरे आली आणि ३५३ साक्षीदारांच्या जबान्या झाल्या. साक्षीदारांत स्त्रिया ३५. तो साक्षींचा संग्रह म्हणजे आमच्यासारख्या विद्यार्थ्यांसाठी खजिनाच आहे: चित्रपटगृहांचे मालक, शिक्षक, पोलीस अधिकारी, वकील, संपादक. पण वाचता वाचता एक गोष्ट जाणवू लागते. प्रत्येकजण दुसऱ्याच कोणाच्या बुद्धीची काळजी करतो आहे. मला काही होत नाही, पण गिरणी कामगाराचे काय? विद्यार्थ्यांचे काय? ज्यांना इंग्रजी पाट्या वाचता येत नाहीत त्यांचे काय? या शेवटच्या मंडळींनी आपला प्रश्न केव्हाच सोडवला होता. मूकपटाच्या पाट्या शेजारचा कोणी मोठ्याने वाचून दाखवी आणि तेवढ्यावर रांगेचे काम भागे. त्या वाचणाऱ्याला साक्षीला बोलावले असते तर काय बहार आली असती!

महात्मा गांधींनाही प्रश्नपत्रिका गेली होती. आपण सिनेमाला कधीच गेलेलो नाही, त्यामुळे उत्तरे देण्यास आपण अपात्र आहोत, असे त्यांनी कळवले. आणि त्याच पत्रात, त्याने केलेले नुकसान बाहेरच्यालाही स्पष्ट दिसते, असेही लिहिले. न पाहिलेल्या चित्रपटावर ठाम मत देण्याची परंपरा अशी बरीच जुनी आणि प्रतिष्ठित आहे. रंगाचारियर समितीचे कौतुक एवढ्यासाठी की तिने प्रत्यक्ष चित्रपटगृहांत जाऊन पाहिले, आणि पाश्चात्त्य चित्रपटांविषयीची ती भीती १९२८ च्या अहवालात निराधार ठरवली.

हे सारे वाचत असताना मागच्या दिवाळीत मी आजीची साक्ष घेतली. १९७५ चा ‘जय संतोषी माँ’ आमच्या तालुक्याच्या गावी जत्रेच्या तंबूत एक-दोन वर्षांनी आला होता. ती तेव्हा नवी सून होती. या चित्रपटाच्या वेळी लोक चपला बाहेर काढून आत जात आणि पडद्यावर फुले-पैसे उधळत, हे आपण वाचलेलेच असते. मी विद्यार्थिनीच्या सुरात विचारले, “आजी, तुला ती खरी देवी वाटली होती का गं?”

तिने माझ्याकडे असे पाहिले की मी प्रश्नपत्रिका मिटूनच ठेवली. “अगं, ती अनिता गुहा होती. पोस्टरवर एवढं मोठं नाव होतं की! हात काय त्या बाईला जोडले होते?”

मग ती आपणहून बोलू लागली, आणि भक्तीविषयी अवाक्षर नाही. चित्रपट मध्ये फार लांबला, असे तिचे मत. नवऱ्याचे काम करणारा नट तिला मुळीच आवडला नाही. बायकोला विसरून बसणाऱ्या माणसाला इतके गोड दाखवायचे कारण काय? छळ करणाऱ्या जावांची कामे मात्र अस्सल वाटली. “त्या दोघी भांडी फेकायच्या ना, तेव्हा तंबूतल्या सगळ्या बायका एकदम गप्प व्हायच्या,” ती म्हणाली. “मी शेजारी बघितलं, तर माझी मोठी जाऊ खाली मान घालून बसली होती.”

मी तारीख, गाव आणि तिकिटाचा दर विचारून वहीत नोंदवून घेतले. दर तिला आठवला नाही. एवढे मात्र पक्के आठवत होते, की खेळ सुटल्यावर बाहेर काढलेल्या चपलांत तिची एक सापडली नाही, ती एका पायाने पोळत घरी आली, आणि चप्पल हरवल्याबद्दल सासूबाई जे बोलल्या ते चित्रपटातल्यापेक्षा कितीतरी चांगले लिहिलेले होते.