तळटीप १२. ब्लॅक हॉक

हे गाव नकाशावर शोधू नये. विला कॅथर यांच्या ‘माय अँटोनिया’ (१९१८) या कादंबरीतले ब्लॅक हॉक म्हणजे नेब्रास्का राज्यातील रेड क्लाउड. वेब्स्टर परगण्याचे हे मुख्य ठाणे. कॅथर इथेच वाढल्या. गाव रिपब्लिकन नदीच्या उत्तरेला, कॅन्ससच्या हद्दीपासून दहाएक किलोमीटरवर. प्रेअरी म्हटले की आपण परातीसारखा सपाट मुलूख डोळ्यांसमोर आणतो. इथे तसे नाही. नदीकाठी कॉटनवुडची झाडी, वर ओहोळांनी चिरलेले उंचवटे. पूर्वी सगळे गवतच होते. आता मका, गहू आणि गुरे. नांगर न लागलेले ६१२ एकरांचे एक रान दक्षिणेला राखले आहे. शरदात तिथले ब्लूस्टेम गवत तांबूस पडते.

१८९०च्या सुमारास लोकवस्ती अठराशेच्या घरात होती. २०२०च्या जनगणनेत ९६२. यंत्रे आली, शेते मोठी झाली, राबायला माणसे कमी लागू लागली. आपल्याकडे एवढ्या वस्तीला फार तर ग्रामपंचायत. रेड क्लाउडला मात्र १८८५चे ऑपेरा हाउस आहे, आणि शाळा संपवताना कॅथर यांनी भाषण केले ते तिथेच.