लघुलहरींवरील वाणी आणि मोबाइलमधील रेडिओ : साधननिवडीचा एक प्रश्न

(१)

२७ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईतून ४२.३४ मीटर तरंगलांबीवर ‘काँग्रेस रेडिओ’चे गुप्त प्रक्षेपण सुरू झाले. उषा मेहता व त्यांचे सहकारी पोलिसांना चुकवीत प्रक्षेपणाची जागा वारंवार बदलीत होते. १२ नोव्हेंबर रोजी ते पकडले गेले आणि तो आवाज थांबला. या प्रक्षेपणांचा जो मजकूर आज अभ्यासकांस उपलब्ध आहे, त्याचे श्रेय विलक्षण म्हणावे असे आहे. ब्रिटिश सरकारच्या माणसांनी पाळत ठेवून ते कार्यक्रम ऐकले व लिहून काढले, म्हणून तो मजकूर टिकला. त्यावरून काय बोलले गेले हे कळते. कसे बोलले गेले, म्हणजे कोणता वर्ण कसा उच्चारला, आघात कोठे पडला, विराम कोठे घेतला, हे मात्र त्या कागदांवरून कळत नाही. ऐकणाऱ्यास खटल्यापुरते शब्द हवे होते. तेवढेच त्याने टिपले.

हा प्रसंग येथे आठवण्याचे कारण असे की, भाषेच्या अभ्यासकाला आज त्याच ऐकणाऱ्याच्या जागी बसण्याची संधी मिळाली आहे. मोबाइल फोन, त्याला जोडावयाचे एक छोटे उपकरण आणि एखादे अ‍ॅप एवढ्या सामग्रीवर दूरदेशींची लघुलहरी-प्रक्षेपणे टिपता येतात. परंतु अ‍ॅप अनेक आहेत, आणि त्यांतून कोणते घ्यावे हा प्रश्न केवळ सोयीचा समजला जातो. तो तसा नाही, हे त्या साधनाच्या इतिहासावरून दाखविण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न आहे.

(२)

पूर्वीच्या रेडिओ-संचात निवडीची सर्व कामे तारा, वेटोळी, धारित्रे व स्फटिक यांच्याकडून करून घेतली जात. एडविन आर्मस्ट्राँग यांनी १९१८ साली सुपरहेटरोडाइन पद्धती शोधून काढली. येणाऱ्या कोणत्याही लहरीचे एका ठराविक मधल्या कंप्रतेत रूपांतर करावयाचे व तेथे ती गाळून घ्यावयाची, हे त्या पद्धतीचे तत्त्व. पुढील कित्येक दशके घरोघरचे संच याच तत्त्वावर चालले. या संचातील गाळणी कारखान्यातच ठरून येई. किती रुंदीचा पट्टा आत घ्यावा हे ठरविण्यास श्रोत्याला फारच थोडा वाव असे, आणि गाळणीने जे टाकून दिले ते कायमचे गेले.

ही व्यवस्था पालटण्याची कल्पना विसाव्या शतकाच्या अखेरीस आकारास आली. जोसेफ मिटोला यांनी १९९२ सालच्या आपल्या निबंधाने ‘सॉफ्टवेअर रेडिओ’ ही संज्ञा प्रचारात आणली. अँटेनावर आलेली लहर शक्य तितक्या लवकर अंकांत रूपांतरित करावी आणि गाळणे, निवडणे, उलगडणे ही कामे संगणकाच्या आज्ञावलीकडे सोपवावीत, असा या कल्पनेचा आशय आहे. २००१ साली ‘ग्नू रेडिओ’ हा मुक्त प्रकल्प सुरू झाला व ही विद्या लष्करी आणि औद्योगिक प्रयोगशाळांबाहेर पडू लागली. तथापि उपकरणे महाग होती. सामान्य विद्यार्थ्यास ती परवडण्यासारखी नव्हती.

तो अडसर अगदी अनपेक्षित रीतीने दूर झाला. संगणकावर दूरचित्रवाणी पाहण्यासाठी विकल्या जाणाऱ्या एका स्वस्त यूएसबी कांडीत रियलटेक कंपनीची ‘आरटीएल २८३२ यू’ ही चिप असे. या चिपमधून प्रक्रिया न झालेले कच्चे नमुने बाहेर काढता येतात, हे फिनलंडमधील अँटी पालोसारी यांनी २०१२ च्या फेब्रुवारीत दाखवून दिले. ऑस्मोकॉम या गटाने तिच्यासाठी आज्ञावली लिहिली, आणि चित्रवाणीची कांडी रेडिओ बनली. त्यापूर्वीच, २०११ साली, अँड्रॉइडच्या ३.१ या आवृत्तीने फोनला बाहेरील यूएसबी उपकरणे चालविण्याची सोय अ‍ॅपना खुली केली होती. या दोन गोष्टी एकत्र आल्या आणि मोबाइलमधील रेडिओ शक्य झाला. ‘एसडीआर टच’, २०१४ सालचे ‘आरएफ अ‍ॅनालायझर’ आणि मूळ संगणकासाठी लिहिलेले, परंतु पुढे अँड्रॉइडवरही आलेले ‘एसडीआर प्लस प्लस’ ही या परंपरेतील ठळक नावे होत. आयफोनवर सर्वसाधारण अ‍ॅपला अशा कांडीशी थेट बोलता येत नाही. तेथे कांडी दुसऱ्या संगणकास जोडून तिचे नमुने जाळ्यावरून फोनवर आणावे लागतात.

(३)

अ‍ॅपच्या निवडीचा विचार करण्यापूर्वी ‘कच्चा नमुना’ म्हणजे काय हे स्पष्ट केले पाहिजे. वरील कांडी सेकंदाला सुमारे २४ लाख नमुने बिनचूक देऊ शकते. प्रत्येक नमुन्यात आठ-आठ बिटांच्या दोन संख्या असतात, म्हणजे सेकंदाला ४८ लाख बाइट होतात. एका तासाच्या नोंदीस १७ गिगाबाइटहून अधिक जागा लागते. उलट, अ‍ॅपने उलगडून दिलेला आवाजच तेवढा साठविला, तर सेकंदाला १२,००० नमुने व प्रत्येकी १६ बिट या हिशेबाने तासाला सुमारे ८६ मेगाबाइट पुरतात. हे अंतर जवळजवळ दोनशे पटींचे आहे. बहुतेकांची निवड आवाजाच्या बाजूने झुकते, यात आश्चर्य नाही.

परंतु या दोन नोंदींतील भेद आकारापुरता नाही. कच्च्या नमुन्यांची नोंद म्हणजे अँटेनावर आलेल्या लहरींच्या त्या पट्ट्याची प्रत होय. ती दहा वर्षांनंतरही पुन्हा ‘ऐकता’ येते. गाळणीची रुंदी, खरखर कमी करण्याची रीत, आवाजाची पातळी ही सर्व त्या वेळी नव्याने ठरविता येतात. आवाजाची नोंद म्हणजे अ‍ॅपने त्या क्षणी घेतलेल्या निर्णयांचे फळ होय. प्राचीन ग्रंथांचा अभ्यास करणाऱ्यांस हा भेद चांगला परिचित आहे. एक मूळ पोथीचे छायाचित्र आहे. दुसरी एखाद्या लेखनिकाने आपल्या समजुतीप्रमाणे ‘शुद्ध’ करून उतरलेली प्रत आहे. लेखनिक कितीही विद्वान असला, तरी त्याने गाळलेला पाठ त्याच्या प्रतीवरून परत मिळत नाही.

(४)

हे तत्त्व प्रस्तुत लेखकास स्वतःच्या चुकीतून समजले, हे कबूल केले पाहिजे. मराठीत चवर्गाचे दोन उच्चार आहेत : ‘चार’ या संख्यावाचकातील तालव्य च आणि ‘चारा’ या शब्दातील दंत्य च. नेपाळीतील च सामान्यतः दुसऱ्याच्या जवळचा ऐकू येतो. या साम्याचा मागोवा घेण्यासाठी लेखकाने एका परदेशी केंद्राची नेपाळी वार्तापत्रे लघुलहरींवरून टिपावयास आरंभ केला. हाताशी आलेले एक अ‍ॅप वापरण्यास सोपे होते. त्यात खरखर कमी करण्याची सोय होती आणि गाळणी २.५ किलोहर्ट्झवर ठेवली असता आवाज कानाला फार स्वच्छ वाटे. दोन महिन्यांच्या नोंदी झाल्यावर त्यांची आलेखाच्या साहाय्याने तपासणी केली, तेव्हा च च्या जागी नुसता एक स्फोट व त्यामागून शांतता आढळली. तालव्य घर्षणाचा जोर साधारणपणे २.५ किलोहर्ट्झच्या पुढे असतो, दंत्याचा त्याहूनही वर. ज्या ध्वनीसाठी खटाटोप केला, तोच गाळणीने बाहेर ठेवला होता. मोठेपणा आपोआप सारखा करणाऱ्या व्यवस्थेने आघाताची मापेही निरुपयोगी केली होती.

येथे लघुलहरींची स्वतःची मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. या पट्ट्यांत केंद्रे पाच-पाच किलोहर्ट्झच्या अंतराने बसविलेली असतात, आणि प्रक्षेपित आवाज सुमारे ४.५ ते ५ किलोहर्ट्झपर्यंतच पोहोचतो. म्हणजे दंत्य घर्षणाचा बराच भाग प्रक्षेपणातच नाहीसा झालेला असतो. जो थोडका अवशेष उरतो, तो ३ ते ४.५ किलोहर्ट्झच्या दरम्यान. आणि नेमका तोच भाग कानाला ‘खरखर’ म्हणून नकोसा वाटतो. ऐकण्यासाठी उत्तम असे अ‍ॅप अभ्यासासाठी घातक कसे ठरते, याचे हे उदाहरण आहे. त्या दिवसांची ती वार्तापत्रे पुन्हा प्रक्षेपित होणार नव्हती. दोन महिन्यांचे काम गेले ते गेलेच.

(५)

यावरून निवडीच्या काही कसोट्या निघतात.

पहिली कसोटी अशी की, अ‍ॅपने कच्चे नमुने फाइलीत साठविले पाहिजेत आणि ती फाइल पुन्हा उघडून त्यावर काम करू दिले पाहिजे. ‘आरएफ अ‍ॅनालायझर’ व ‘एसडीआर प्लस प्लस’ यांत ही सोय आहे. दुसरी, गाळणीची रुंदी अभ्यासकाच्या हाती असावी, आणि खरखर कमी करणे व पातळी आपोआप सारखी करणे या दोन्ही गोष्टी बंद करता याव्यात. तिसरी कसोटी कांडीसंबंधी आहे. सर्वसाधारण कांडी सुमारे २४ मेगाहर्ट्झच्या वरचे ऐकते. लघुलहरींचा मोठा भाग त्याखाली आहे. तो ऐकण्यासाठी ट्यूनर वगळून लहर सरळ अंकनाकडे नेण्याची पद्धत, अथवा कंप्रता वर चढविणारा परिवर्तक लागतो. अ‍ॅपमध्ये पहिलीसाठी स्वतंत्र कळ आणि दुसऱ्यासाठी कंप्रतेचा फरक नोंदविण्याची जागा नसेल, तर बाकी सर्व गुण व्यर्थ होत. चौथी कसोटी साठवणीची. पुष्कळ फाइल-प्रकारांत एका फाइलीची मर्यादा ४ गिगाबाइट असते; वरील वेगाने ती पंधरा मिनिटांच्या आतच भरते. म्हणून नमुन्यांचा वेग कमी करता येतो की नाही, हे प्रथम पाहावे. एका केंद्रापुरता १२ किलोहर्ट्झचा पट्टा १६ बिटांनी साठविला, तर तासाला सुमारे १७३ मेगाबाइटच लागतात, आणि हा भार कोणताही फोन सहज पेलतो.

ज्यांच्यापाशी कांडी नाही, त्यांच्यासाठी दूरस्थ संग्राहकांचा मार्ग आहे. नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठाचा संग्राहक व जगभर पसरलेले ‘किवी एसडीआर’ संग्राहक फोनच्या ब्राउझरमधून ऐकता येतात. त्यांपैकी ‘किवी’वर निवडलेल्या अरुंद पट्ट्याचे कच्चे नमुने उतरवून घेता येतात, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. मात्र अशा नोंदीस संग्राहकाचे स्थान, तारीख, जागतिक वेळ व कंप्रता यांची टिपणी जोडलीच पाहिजे. टिपणीविना नोंद म्हणजे प्रशस्तीविना पोथी.

(६)

या कामास घाई का, असे कोणी विचारील. २०१७ च्या जानेवारीअखेर रेडिओ ऑस्ट्रेलियाने लघुलहरी सोडल्या. २०२० च्या जानेवारीअखेर बीबीसीच्या हिंदी सेवेचे लघुलहरी-प्रक्षेपण संपले. २७ जानेवारी २०२३ रोजी बीबीसीची अरबी रेडिओ-सेवाच बंद झाली. प्रत्येक वेळी एका भाषेची दशकानुदशके घडलेली निवेदनशैली त्या लहरींवरून नाहीशी होते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ग्रियर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाच्या योजनेत हिंदुस्थानातील भाषांच्या ग्रामोफोन-तबकड्या घेतल्या गेल्या. त्या खरखरीत आहेत, त्रोटक आहेत. तरीही त्या काळचे उच्चार आज त्यांवरूनच तपासता येतात. त्या घेणाऱ्यांनी कोणताही ध्वनी नकोसा म्हणून वगळला नाही. यंत्राला जेवढे पेलले तेवढे सर्व त्यांत उतरले.

आपल्या हातातील यंत्र त्याहून पुष्कळ पटींनी समर्थ आहे. त्याचे सामर्थ्य वगळण्यात खर्चावे की राखण्यात, हे अ‍ॅप निवडतानाच ठरते. १९४२ सालच्या त्या लेखनिकापुढे पर्याय नव्हता. कानांनी ऐकावे व हाताने लिहावे एवढेच त्याला शक्य होते. आपणांपुढे पर्याय आहे. म्हणून विभागातील जे विद्यार्थी हे काम हाती घेतील, त्यांनी आधी कच्ची नोंद करावी आणि मग ऐकावे, एवढीच सूचना येथे करावीशी वाटते.