सासूबाईंचं शिवणयंत्र परक्या हातात द्यावं का?

आमचं पुसेगावचं जुनं घर आवरणं चालू आहे. कपाटं, पितळी डबे, गाद्या हे सगळं सामान हलवणाऱ्यांच्या ट्रकमधून पुण्याला जाईल. अडलंय ते फक्त सासूबाईंच्या पायमशीनवर. घरातले म्हणतात, "द्या की त्यांच्याकडे, त्यांचं रोजचंच काम आहे." हो म्हणण्याआधी मी या मशीनचा मागचा प्रवास शोधत बसले. माझं उत्तर मला तिथेच सापडलं.

मशीन सिंगरचं आहे. अमेरिकेत आयझॅक सिंगर यांनी १८५१ साली पेटंट घेतलं आणि पाचच वर्षांत कंपनीने हप्त्यांवर विक्री सुरू केली. आपल्याकडे मुंबईत नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांनी १८७०च्या दशकापासून बरीच वर्षं सिंगरची एजन्सी चालवली. पुढे १९३०च्या दशकात कोलकात्यात 'उषा' तयार होऊ लागलं. गांधीजींचा यंत्रांवरचा राग सर्वांना ठाऊक आहे, पण १९२४ सालच्या एका संवादात त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राला अपवाद म्हणून मान्यता दिली होती. बाईच्या हाताचे कष्ट वाचवणारं यंत्र त्यांनाही पटलं होतं.

आमच्या मशीनच्या बैठकीवर 'वाय' अक्षर आणि पुढे क्रमांक कोरला आहे. ते अक्षर स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँक कारखान्याचं, १९२० आणि १९३०च्या दशकांतलं. म्हणजे हे मशीन बोटीने मुंबईला उतरलं असणार. पुढे रेल्वेने मनमाड. तिथे मोठी लाइन संपून निजामाच्या रेल्वेची मीटर गेज सुरू व्हायची, म्हणून माल एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवावा लागे. मग औरंगाबाद, जालना, परभणी करत पूर्णा आणि तिथून १९१२ साली सुरू झालेल्या फाट्याने हिंगोली. हिंगोलीहून पुसेगावला ते बैलगाडीतून आलं, असं सासूबाई सांगायच्या. विचार करा, गोदीतले हमाल, मनमाडचे हमाल, गाडीवान, सगळे परकेच! त्या काळी कोणी विचारलं नाही की परक्यावर विश्वास ठेवावा का. मात्र तेव्हा ते कंपनीचं एक नवं मशीन होतं. फुटलं असतं तर दुसरं आलं असतं.

दुसऱ्याचा माल वाहणाऱ्याची जबाबदारी किती, यावर आपल्याकडे जुना कायदा आहे. ब्रिटिश हिंदुस्थानात १८६५ साली वाहकांचा कायदा झाला. (पुसेगाव तेव्हा निजामाच्या राज्यात होतं, ते वेगळं.) त्यात एक गोष्ट गिऱ्हाइकाच्या बाजूची होती. माल हरवला किंवा मोडला तर वाहकाचा हलगर्जीपणा मालकाला सिद्ध करावा लागत नसे. दुसरी गोष्ट वाहकाच्या बाजूची. सोनं, चांदी, काच, रेशीम अशा यादीतल्या वस्तू शंभर रुपयांहून जास्त किमतीच्या असतील तर तसं आधी सांगावं लागे. नाही सांगितलं तर भरपाई नाही.

आता २००७चा रस्ते वाहतुकीचा कायदा आहे आणि त्याचे नियम २०११चे आहेत. नियम असा, की जास्त जोखमीचा दर वेगळा ठरवून भरला नसेल तर भरपाई भाड्याच्या दहापटीपर्यंतच मिळते आणि तीही पावतीवर लिहिलेल्या किमतीच्या वर जात नाही. मशीन एकटंच ६०० रुपये भाड्याने पाठवलं तर जास्तीत जास्त ६,००० रुपये. नुकसानीची लेखी सूचना बुकिंगपासून १८० दिवसांत द्यावी लागते. म्हणून पावतीवर वस्तूचं नाव, क्रमांक आणि किंमत लिहून घेतल्याशिवाय ट्रक हलू देऊ नका.

पण सासूबाईंच्या मशीनची किंमत मी काय लिहू? बाजारात जुनं काळं मशीन काही हजारांत मिळतं. त्या मशीनवर त्यांनी तीन मुलींची परकर-पोलकी शिवली, गावातल्या बायकांची कापडं शिवून घरखर्चाला हातभार लावला. चामड्याची वादी नको म्हणून त्यांनी आग्रहाने दुसरा पट्टा बसवून घेतला होता. पावतीच्या रकान्यात यातलं काहीच मावत नाही.

मग मला वाटतं, ट्रकवाला भला की बुरा हा प्रश्नच बाजूला ठेवावा. वस्तू गेली तर भरून देता येईल का, एवढंच बघावं. ज्याची भरपाई पैशात होते ते ट्रकमध्ये द्यावं. ज्याची होत नाही ते आपल्या हाताने न्यावं. असं केलं की माणसावर संशय घेण्याची वेळही येत नाही.

सुदैवाने पायमशीन दोन भागांत सुटतं. पट्टा उतरवायचा, बॉबिन आणि शटल काढून डबीत ठेवायचं, दाबपट्टीखाली कापडाची घडी घालून ती खाली सोडायची. मग डोकं मागे कलंडवून बिजागरीचे दोन स्क्रू सैल केले की ते उचलून निघतं. ते बिडाचं असतं, आपटलं तर वाकत नाही, सरळ तडकतं. बाहेर आलेल्या हातचाकाला आधी मार बसतो, म्हणून त्याला जुन्या गोधडीत नीट गुंडाळायचं.

तर आमचं ठरलंय. लोखंडी स्टँड आणि फळी ट्रकमध्ये जाईल, पायडल दोरीने बांधून आणि पावतीवर लिहून. डोकं मात्र गोधडीसकट गाडीत मागच्या सीटवर, माझ्या शेजारी बसून पुण्याला येईल.