देसाईगंज की वडसा?

तालुक्याच्या दप्तरी देसाईगंज, रेल्वेच्या फलकावर वडसा. गावकऱ्यास हे सांगावे लागत नाही. गाडीची चौकशी करणाऱ्या कृत्रिम बुद्धीच्या गुमास्त्यास मात्र सांगावेच लागते. चौकशीच्या साधनाचे वर्णन ‘स्थानकाचे नाव द्यावे’ एवढेच असेल, तर त्याने देसाईगंज असे नाव देण्याचा, आणि स्थानक न सापडल्याने ‘गाडीच नाही’ असे प्रवाशास खुशाल कळविण्याचा संभव फार.

युनिक्स या संगणकप्रणालीची १९७१ सालची पहिली पुस्तिका माणसांसाठी होती. अडल्यास वाचकाला शेजाऱ्यास विचारता येई. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलने साधनाचे नाव, वर्णन व त्यास द्यावयाच्या माहितीचा नमुना यंत्रापुढे मांडण्याची रीत घालून दिली; वर्णनातील मजकूर मात्र लिहिणाऱ्यावरच सोपविला. ‘देसाईगंजकरिता वडसा लिहावे’ ही ओळ तेथे कोणा जाणत्यानेच घालावयाची असते; आणि स्थानक न सापडणे म्हणजे गाडी नसणे नव्हे, हीही.