पानाच्या माथ्यावरची एक ओळ : सातबारा, मराठी अक्षरे आणि सर्व्हर

१/ देऊळघाट, बुलढाणा, मलकापूर. बुलढाणा जिल्ह्यातील ही तीन नावे संगणकाच्या एका चुकीच्या मांडणीत तंतोतंत सारखी दिसतात : ???????. सात प्रश्नचिन्हे, तिन्ही वेळा. सर्व्हरवरील पानाच्या पहिल्या ओळीत राहून गेलेला एक आकडा एवढा गोंधळ घालू शकत असे. त्या ओळीचा हा इतिहास. 🧵

२/ माथ्यावरच्या मजकुराचे महत्त्व महसुली दप्तराला नवे नाही. गाव नमुना ७ म्हणजे अधिकार अभिलेख, नमुना १२ म्हणजे पिकांची नोंदवही. दोन्ही मिळून सातबारा. त्याच्या माथ्यावर गाव, तालुका, जिल्हा आणि गट क्रमांक असतो. तेथील ‘देऊळघाट, तालुका बुलढाणा’ एवढे शब्द पुसले गेले, तर खालची जमीन कोणत्या गावची, हेच सांगता येत नाही.

३/ डिसेंबर १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘अ‍ॅक्टिव्ह सर्व्हर पेजेस’ म्हणजेच एएसपी हे तंत्र आणले. पान आधीच लिहून ठेवण्याऐवजी मागणी येताच सर्व्हरने ते तयार करावे, ही त्यामागील कल्पना. अशा पानाच्या अगदी पहिल्या ओळीत सर्व्हरसाठी एक निर्देश देता येई : हे पान कोणत्या संगणकीय भाषेत लिहिले आहे आणि अक्षरांसाठी कोणते कोडपेज वापरावयाचे. ही ओळ वाचकाला दिसत नसे; मात्र तिच्याखालचे सारे पान तिच्या आज्ञेत चाले.

४/ कोडपेज म्हणजे अक्षर आणि आकडा यांच्या जोड्यांचा तक्ता. पश्चिम युरोपीय भाषांच्या १२५२ क्रमांकाच्या तक्त्यात जेमतेम २५६ जागा. त्यांत देवनागरीला एकही नाही. मराठी मजकूर त्या तक्त्यात कोंबला की प्रत्येक अनोळखी चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह येते. द, एकाराची मात्रा, ऊ, ळ, घ, काना, ट : देऊळघाटची चिन्हे सात. बुलढाणा आणि मलकापूर यांचीही सातच. मेहकर आणि चिखली यांची पाच-पाच.

५/ अक्षरबिघाडाचे दोन प्रकार वेगळे ओळखले पाहिजेत. मजकूर शाबूत असतो, पण ब्राउझर तो चुकीच्या तक्त्याने वाचतो, तेव्हा पडद्यावर विचित्र परकी अक्षरे दिसतात. योग्य तक्ता लावताच मराठी परत येते. प्रश्नचिन्हे साठवली गेली, तर मात्र मूळ अक्षर कायमचे गेले. पहिली अवस्था न उलगडलेल्या मोडी कागदाची, दुसरी कसरीने खाल्लेल्या कागदाची.

६/ त्या काळी मराठीने आडवाट धरली होती. इंग्रजी अक्षरांच्याच आकड्यांवर मराठी आकार बसवलेले फॉन्ट सर्वत्र वापरले जात. फॉन्ट असेल तर मराठी, नसेल तर अर्थहीन इंग्रजी अक्षरे. भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये ‘इस्की’ हे प्रमाण स्वीकारले होते आणि पुण्याच्या सी-डॅकने भारतीय लिप्यांसाठी मोलाचे काम केले होते. तरी वेबवर प्रत्येक फॉन्टचा संसार वेगळाच राहिला.

७/ उत्तर युनिकोडमध्ये होते. त्याची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली. १९९२ मध्ये केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी यूटीएफ-८ ही लेखनपद्धती रचली. तिच्यात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. म्हणजे देऊळघाट २१ बाइटांचे. विंडोज २००० मध्ये मराठीला स्थान मिळाले, ते युनिकोडच्या आधारानेच. मराठीसाठी जुन्या पद्धतीचे कोडपेज तेथे नव्हते. यूटीएफ-८ साठी विंडोजने दिलेला क्रमांक ६५००१. पहिल्या ओळीत हवा असलेला आकडा तो हाच.

८/ मात्र एकटा आकडा पुरेसा नव्हता. फाइलही त्याच पद्धतीने जतन करावी लागे, ब्राउझरला तसे कळवावे लागे आणि माहितीसाठ्यातील रकानाही युनिकोड स्वीकारणारा असावा लागे. साखळीतील एक कडी निसटली, तरी नाव निसटे. शिवाय हीच मांडणी पानाऐवजी वापरकर्त्याच्या संपूर्ण सत्राला लावली, तर एका पानाचा निर्णय पुढच्या पानांवरही चालत राही.

९/ २००२ मध्ये एएसपी डॉट नेट आले आणि या ओळीला ‘पेज डायरेक्टिव्ह’ असे रीतसर रूप मिळाले. एका पानाला असा निर्देश एकच. उत्तरासाठी यूटीएफ-८ आता गृहीत धरले जाऊ लागले. मांडणीची उतरंडही ठरली : आधी संपूर्ण यंत्राची, मग संकेतस्थळाची, मग उपविभागाची, शेवटी पानाची. वरून मज्जाव नसेल, तर पानाचा शब्द अखेरचा.

१०/ त्याच ओळीत पानाची ‘संस्कृती’ही सांगता येते. ०५/०६/२०१८ ही तारीख मराठी रीतीने ५ जून, अमेरिकी रीतीने ६ मे. फेरफाराच्या नोंदीवर हरकतीसाठी १५ दिवसांची मुदत असते. तेथे ३० दिवसांचा फरक म्हणजे हक्क राहणे किंवा बुडणे.

११/ आणखी एक कळ ‘व्ह्यूस्टेट’ची. पानाची अवस्था लक्षात ठेवणारे एक अदृश्य गाठोडे प्रत्येक फेरीत ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यात ये-जा करते. केवळ वाचावयाच्या पानावर ते बंद ठेवता येते. मंद जोडणीच्या गावात हा फरक जाणवतो.

१२/ महाराष्ट्राच्या महाभूलेख संकेतस्थळावर सातबाऱ्याच्या पानांचे पत्ते अनेक वर्षे ‘एएसपीएक्स’ने संपत, ही एएसपी डॉट नेटचीच खूण. अमरावती विभाग, बुलढाणा जिल्हा, तालुका, गाव अशा पायऱ्यांनी शोध देऊळघाटपर्यंत पोहोचे. २०१८ मध्ये डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आला. पडद्यावरचा उतारा असा दस्तऐवज ठरू लागला, तेव्हा त्यातील प्रत्येक अक्षराची जबाबदारीही वाढली.

१३/ तंत्र पुढे सरकले. २०१७ च्या ‘रेझर पेजेस’मध्येही पानाची सुरुवात निर्देशानेच होते. इतिहासाचा अभ्यासक कागदाचा मायना आणि शिक्का आधी पाहतो, मग मजकुरावर विश्वास ठेवतो. उद्याच्या अभ्यासकाला आजच्या पानांची माथ्यावरची ओळही तशीच तपासावी लागेल. देऊळघाट हे देऊळघाटच राहते की सात प्रश्नचिन्हे होते, याचा निकाल तेथेच लागलेला असतो.