न कळलेल्या शब्दांची चौकशी

१९६३ साली अमेरिकेतील पोर्टलंड शहरात ‘द किंग्ज्मेन’ या तरुणांच्या बँडने रिचर्ड बेरी यांचे ‘लुई लुई’ हे गाणे ध्वनिमुद्रित केले. मायक्रोफोन उंचावर टांगलेला. मान वर करून गाणाऱ्या जॅक ईलीचे शब्द अस्पष्टच उमटले. अशा ओबडधोबड वादनाला पुढे ‘गॅरेज रॉक’ हे नाव मिळाले.

गाणे बिलबोर्डच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचले. परंतु शब्द कळत नाहीत, त्याअर्थी ते अश्लीलच असणार, असा तर्क काही पालकांनी लढवला. १९६४ साली इंडियानाच्या गव्हर्नरांनी आक्षेप घेतला. एफबीआयने तबकडी वेगवेगळ्या गतींनी ऐकली. शब्द कोणत्याही गतीत उमगत नाहीत, एवढाच निष्कर्ष निघाला. वस्तुतः बेरी यांचे गाणे म्हणजे प्रियेकडे परतू पाहणाऱ्या खलाशाचे साधे मनोगत होय.

आम्हांस या इतिहासात खटकते ते वेगळेच. १९६८च्या करारानुसार ठरलेला ९ टक्के वाटा बँडच्या हाती कधी पडलाच नाही. अखेर ते न्यायालयात गेले आणि १९९८ साली अपिलातही जिंकून त्यांनी ध्वनिमुद्रणाचे हक्क परत मिळवले. शब्दांचा हिशेब सरकारने तत्परतेने मागितला. श्रमांचा हिशेब मात्र कलावंतांना स्वतःच मागावा लागला.